पात्याला पडलेली खाच

एनो डर्क्स माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी नाचोज खात होते आणि माझ्या बोटांना चीज लागलेलं होतं. इतकं बारीक सांगते, कारण त्या दिवसातलं काहीच विसरायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आयोवातल्या आमच्या मेरिडन लँडिंग गावात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या पत्त्यांचा, बाजार भरतो. आठवडाभर मी शाळेच्या स्वयंपाकघरात साडेतीनशे पोरांचं जेवण रांधते, आणि त्या रविवारी हेअरनेट घरी ठेवून हॉलमध्ये टेबल लावते. माझ्याकडे फक्त छोट्या लीगची कार्डं असतात. मोठ्या लीगच्या कार्डांना गिऱ्हाईक खूप आणि भांडणंही खूप. छोट्या लीगची कार्डं म्हणजे आपल्याच गावातून दोन उन्हाळे खेळून गेलेली, पुढे विमा विकणारी नाहीतर ट्रक चालवणारी पोरं. ती सांभाळायला मला आवडतात.

एनोंनी पुढं केलेलं कार्ड मात्र विमा विकणाऱ्याचं नव्हतं. आमच्या बटनमेकर्स संघाचा १९८३ सालचा तिसऱ्या बेसचा खेळाडू, लामार टीग. तेव्हा एकोणीस वर्षांचा, कान बाहेर आलेले, टोपी मोठी झालेली. हा पुढं मोठ्या लीगमध्ये सोळा वर्षं खेळला आणि सबंध देशाला ठाऊक झाला. त्यामुळे त्याच्या पहिल्या कार्डाला जगभरातून मागणी, आणि मागणी म्हटलं की नकला.

मी रुमालानं बोटं पुसली आणि डेलबर्टचं पुस्तक उघडलं. डेलबर्ट फंक माझ्याच वर्गातला. आमच्या भागातल्या कार्डांवरचं एकुलतं एक पुस्तक त्यानं लिहिलंय, स्पायरल बाइंडिंगचं, आणि प्रत्येक टेबलावर त्याची प्रत असते. पान एक्केचाळीस: पांढरा पुठ्ठा, नीट कापलेल्या कडा, ते अस्सल. करडा पुठ्ठा, वाकडं कापलेलं, ती मागाहून छापलेली नक्कल.

एनोंच्या हातातलं कार्ड करडं होतं.

"मिस्टर डर्क्स," मी म्हटलं, "ही नक्कल आहे."

हे मी कुणाला सांगत होते? ज्या माणसानं १९८३ साली ती कार्डं आपल्या छापखान्यात छापली, त्याला. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण गावात तीस वर्षं जे बोललं जात होतं तेही मला माहीत होतं: लामार मोठा झाल्यावर एनोंनी मागच्या दारानं हजारो पुन्हा छापली आणि परगावच्या व्यापाऱ्यांना दिली. मला वाटलं, म्हातारा माझी परीक्षा बघतोय.

"असं होय," एनो म्हणाले. कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, टोपीला हात लावला आणि गेले. पुढं तीन वर्षं ते चर्चमध्ये दिसले की मी हसायची, तेही हसायचे. गेल्या फेब्रुवारीत ते वारले.

*

यंदा संघाला शंभर वर्षं झाली. संघाची मॅनेजर मारिसोल ओर्टेगा, वय एकतीस, बोलणं भराभर. तिनं ठरवलं, मैदानाच्या उजव्या भिंतीवर दहा नावं रंगवायची, संघासाठी खपलेल्या माणसांची. चर्चच्या बायकांनी एनोंचं नाव सुचवलं. चाळीस वर्षं तिकिटं, वेळापत्रकं, पोस्टर, सगळं त्यांनीच छापलं होतं.

डेलबर्टनं पत्र पाठवलं. ज्यानं आपल्याच संघाच्या नकला बाजारात ओतल्या त्याचं नाव भिंतीवर कशाला, असं दोन पानी. मारिसोल बिचारी पेचात पडली. तिनं जाहीर केलं, शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर काय ते बोला. रंगारी सोमवारी येणार होता.

बुधवारी दुपारी मला अर्लिस डर्क्सचा फोन आला. एनोंची बायको. वय एक्क्याऐंशी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, आणि लहानपणी मला पियानो शिकवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला होता.

"ग्वेन, तू ते पत्ते भिंगातून बघतेस ना?"

"हो, मिसेस डर्क्स."

"मग भिंग घेऊन ये. आणि येताना गोड बोलणं घरी ठेवून ये."

मी गेले तेव्हा टेबलावर कॉफी होती, आंबट रूबार्बच्या देठांच्या वड्या होत्या आणि एक बुटाचं खोकं होतं. त्या बसल्याच नाहीत.

"हे बघ, पोरी. त्यांनी छापले असतील पुन्हा, तर छापले असतील. माणूस आहे. पण साठ वर्षं मी त्यांच्या शेजारी झोपले, आणि ते खोटं बोलले असतील तर ते मला त्या डेलबर्टच्या तोंडून ऐकायचं नाहीये. तू बघ. जे असेल ते इथं, या टेबलावर सांग. नक्कल असेल तर मी स्वतः मारिसोलला फोन करते आणि नाव काढायला लावते."

"आणि अस्सल असेल तर?"

"तर मग डेलबर्टला माझ्या हातच्या वड्या जन्मात मिळायच्या नाहीत."

खोक्यात अकरा पिशव्या होत्या. त्या उन्हाळ्यात मैदानाच्या फाटकाशी बायका उभ्या राहून सव्वीस कार्डांची पिशवी विकायच्या, त्यातल्या उरलेल्या. सगळी करडी. मी पर्समधून माझं पांढरं लामार काढलं. ते मी डेलबर्टकडूनच घेतलं होतं, जाड प्लॅस्टिकच्या बंद डबीतलं, अस्सल म्हणून. दोन्ही शेजारी ठेवली.

मला कुणी काही शिकवलेलं नाही. भिंग हातात धरायला मी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवर शिकले. छापलेला फोटो भिंगाखाली धरला की तो ठिपक्यांचा होतो, बारीक बारीक, जवळजवळ. फोटो छापायचा तर ठिपके लागतातच. अक्षरांना मात्र ठिपके लागत नाहीत, ती सरळ शाईनं भरतात. अक्षराचा काठ भिंगाखाली सुरीनं कापल्यासारखा दिसतो.

पण कुणी छापलेल्याच कार्डाचा फोटो काढून त्यावरून पुन्हा छापलं, तर? तर यंत्राला काय कळतंय हा चेहरा आणि हे अक्षर. ते सगळ्याचेच ठिपके करतं.

आधी मी करडं पाहिलं. मागच्या बाजूला लामारचं गाव, उंची, वजन. काळी, भरीव अक्षरं. काठ स्वच्छ.

मग पांढरं पाहिलं.

"काय झालं?" अर्लिस म्हणाल्या. "तोंड का उघडं टाकलंयस?"

"मिसेस डर्क्स, इकडे या. हा 'अलाबामा' बघा."

त्यांनी चष्मा वर सारला, डोळा भिंगाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"याला देवी आल्यात," त्या म्हणाल्या.

अक्षरांवर ठिपकेच ठिपके होते. काठ कुरतडलेले. आणि हे कार्ड अस्सल म्हणून मी डबीत बंद करून पाच वर्षं सांभाळत होते! भिंग रोज हातात असून मी त्याच्या मागच्या अक्षरांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पुस्तकात पांढरं अस्सल म्हटलंय, मग बघायचं कशाला?

"मूळ निगेटिव्ह कुणाकडे होत्या?" मी विचारलं.

"आणि कुणाकडे असणार? खाली तळघरात आहेत, कपाटात."

"मग ज्याच्या कपाटात निगेटिव्ह आहेत, तो छापलेल्या कार्डाचा फोटो कशाला काढेल? हे पांढरं दुसऱ्याच कुणाचं तरी काम आहे. करडी अस्सल आहेत. पुठ्ठा करडा का पण?"

"मक्याच्या बियाण्याच्या पोत्यांना चिठ्ठ्या बांधायचे ना, त्याचा उरलेला. संघाकडे तेव्हा चेंडूंचीच मारामार, पांढरा पुठ्ठा कुठून आणणार?" त्या एकदम खुर्चीत बसल्या. "लाव त्या डेलबर्टला फोन. आणि तो मोठ्या आवाजाचा लाव, मला ऐकायचंय."

डेलबर्टनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो दुष्ट नाही, हे मला आधीच सांगायला हवं होतं. तो फक्त बरोबर असायची सवय लागलेला माणूस आहे.

"बरं," तो म्हणाला. "समजा पांढरी नक्कल. पण त्यानं करडी अस्सल कशी झाली? निगेटिव्ह एनोकडे होत्या असं तूच म्हणतेस. मग निगेटिव्हवरून त्यानं ब्याण्णवमध्ये छापली तरी अक्षरं भरीवच येणार. त्र्याऐंशीचीच आहेत कशावरून? सबंध गावात करडी पडलीत, ग्वेन. एवढी त्र्याऐंशीत छापली होती? पुरावा दे. मी शनिवारी सगळ्यांसमोर माफी मागेन."

"आणि नाही दिला तर?"

"तर मला आहे तेच बोलावं लागेल. त्यात मला आनंद नाहीये गं."

मी फोन ठेवला. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, त्याचा जास्त राग आला. अर्लिसच्या हाताला स्वस्थ बसायची सवय नाही. त्यांनी एक पिशवी फोडली, सव्वीस कार्डं काढली, वरखाली झालेली सरळ केली आणि छापखान्यातल्या बाईसारखी टेबलावर ठोकून गठ्ठा केला. अंगठा वरच्या कडेवरून फिरवला आणि नाक मुरडलं.

"यातही आलीये मेली."

"काय आलंय?"

"ती रेघ. त्या उन्हाळ्यात जे म्हणून कापलं त्यावर ही रेघ. चारचौघांत दाखवायची लाज वाटायची. त्या पोरानं वाट लावली पात्याची."

मी गठ्ठा हातात घेतला. वरच्या कडेला, डावीकडून साधारण दोन बोटं आत, केसाएवढी बारीक रेघ होती. पहिल्या कार्डापासून सव्विसाव्यापर्यंत, सरळ, आखल्यासारखी. एक कार्ड उचललं तर काही नाही, डोळ्याला दिसेना. परत गठ्ठ्यात घातलं की रेघ हजर. नखाला सुद्धा लागत होती.

"कुठल्या पोरानं?" मी विचारलं.

"लामारनं! दुसरा कोण?"

तेव्हा खेळाडू गावातल्या घरांमधून राहायचे, अजूनही राहतात. लामार डर्क्सांच्या तळघरात राहायचा आणि अर्लिसना मॉम म्हणायचा. जूनमध्ये एका दिवशी पावसानं सामना धुतला. एनो जेवायला घरी आलेले. लामारनं छापखान्यात जाऊन नडगीला बांधायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायचं ठरवलं. केळ्यांचं जुनं खोकं घेतलं आणि कटिंग मशीनमध्ये घातलं. खोक्याला तारेच्या जाड पिना होत्या.

"आवाज इथपर्यंत आला," अर्लिस म्हणाल्या. "पात्याला ही खाच! एनो एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की तो रात्रीचं जेवण तिसऱ्यांदा मागायला लाजला. दुसऱ्यांदा मागितलंच. पातं धारेला डेव्हनपोर्टला पाठवायचं म्हणजे आठवडाभर काम बंद. जत्रेची पत्रकं, लिलावाची पत्रकं, तुमची ही कार्डं, सगळी डोक्यावर. ऑक्टोबरपर्यंत तसंच रेटलं. मग धार लावून आणलं आणि रेघ गेली."

"ऑक्टोबर त्र्याऐंशी? नक्की?"

"नक्की म्हणजे? चर्चचं पत्रक दर रविवारी तेच छापायचे. पास्टर मला विचारायचे, अर्लिस, प्रभूच्या पत्रकाला ही कसली सुरकुती?"

मी हळूच विचारलं, कारण मला उत्तराची भीती वाटत होती. "ती पत्रकं कुठं असतील का हो?"

त्यांनी माझ्याकडे, मी तिसऱ्या वर्षीही तोच सूर चुकवल्यावर बघायच्या, तसं पाहिलं.

"ग्वेन. मी अठ्ठावन्न वर्षं ऑर्गन वाजवतेय. कुठल्या रविवारी कुठलं गाणं वाजवलं ते त्या पत्रकांवर आहे. मी पत्रक टाकेन?"

तळघरात सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते, वर्षावर्षाचे, नाताळच्या दिव्यांच्या खोक्यामागं. १९८३ चा मी वर आणला. रविवारांच्या क्रमानं लावलेला, वर जानेवारी, खाली डिसेंबर. अर्लिसनी तो टेबलावर ठोकून सरळ केला आणि माझ्याकडे कड वळवली.

जानेवारी कोरा. ईस्टर कोरं. एकोणीस जूनपासून रेघ सुरू होत होती, डावीकडून दोन बोटं आत, आणि सोळा ऑक्टोबरपर्यंत सरळ खाली येऊन थांबत होती. पुढं डिसेंबरपर्यंत कड गुळगुळीत. प्रत्येक पत्रकावर तारीख छापलेली.

मी कार्डांचा गठ्ठा त्याच्याशेजारी उभा धरला. रेघेला रेघ.

अर्लिसनी पदर तोंडाला लावावा तसं हातातलं फडकं तोंडाला लावलं. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी त्या पोराला या रेघेवरून शिव्या घालतेय!"

*

शनिवारी हॉल भरला होता. चर्चच्या बायकांनी बातमी कुठंकुठं पोचवली होती देव जाणे. लोक सुवार्तेला आल्यासारखे आले होते, आणि बऱ्याच जणांच्या हातात करडी कार्डं होती. तीस वर्षं ज्यांना कुणी विचारत नव्हतं ती. कुणी पाककृतींच्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून काढलेली, कुणी बायबलमधून.

डेलबर्ट पुढच्या टेबलाशी बसला होता. समोर पुस्तक, आणि शेजारी त्याचा संपूर्ण पांढरा संच. सव्वीस कार्डं, सव्वीस बंद डब्या, काचेच्या शवपेट्यांसारख्या.

आधी मी ठिपके दाखवले. भिंग हातोहात फिरलं. लोक "अरे वा" म्हणाले, पण मारिसोल हुशार, तिनं लगेच विचारलं, "म्हणजे पांढरी नक्कल. करडी कधीची ते कसं कळायचं?" डेलबर्टनं मान डोलावली, हाच प्रश्न, अशी.

मी अर्लिसकडे पाहिलं. त्या उठल्या, पर्स खुर्चीवर ठेवली आणि पास्टरसुद्धा कधी बोलले नसतील इतक्या शांतपणे त्या पात्याची गोष्ट सांगितली. मग पत्रकांचा गठ्ठा टेबलावर ठोकला. हॉलमध्ये तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मारिसोल, नख फिरव. वरून खाली."

मारिसोलनं नख फिरवलं. "काही नाही... काही नाही... हां! इथं आली."

"तारीख वाच."

"एकोणीस जून."

"पुढं फिरव."

"आहे... आहे... आहे... गेली."

"वाच."

"तेवीस ऑक्टोबर."

"आता ही कार्डं."

मारिसोलनं नख फिरवलं आणि गठ्ठा डेलबर्टपुढं ठेवला. डेलबर्टनं चष्मा काढला, खिशातलं स्वतःचं भिंग काढलं, कार्डांची कड पाहिली, पत्रकांची कड पाहिली, परत कार्डांची पाहिली. मग पट्टी मागितली आणि दोन्ही रेघांचं अंतर मोजलं. त्याला इतका वेळ लागला की मागं कुणीतरी म्हणालं, "डेलबर्ट, आम्ही घरी जाऊन जेवून येतो."

"गप रे," डेलबर्ट म्हणाला. "स्क्रूड्रायव्हर आहे का कुणाकडे?"

आयोवात माणसाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. चार आले.

त्यानं आपली पहिली डबी उचलली, टोक फटीत घातलं आणि पिळलं. कडकन् आवाज झाला. कार्डवाल्या लोकांनी श्वास रोखला. डबी फोडली की त्या कार्डाचा मान संपतो, कुणी शहाणा माणूस ती फोडत नाही. म्हणून तर कुणाला कळलं नव्हतं. आम्ही कार्ड हातात आलं की ते एकेकटं प्लॅस्टिकमध्ये बंद करतो, कडेला कुणाचं बोट लागू नये म्हणून. एकेकट्या कार्डावर रेघ दिसत नाही. सव्वीस एकत्र ठोकायला कुणाची छाती होणार?

कड. कड. कड. सव्वीसच्या सव्वीस. मग त्यानं अर्लिसनी केलं होतं तसं कार्डं एकत्र केली, टेबलावर ठोकली आणि कडेवरून नख फिरवलं.

"आरसा आहे," तो म्हणाला. "काही नाही यावर."

खुर्चीवर मागं रेलला. मला त्याची दया आली, खरंच आली. हा संच त्यानं एकोणनव्वदमध्ये परराज्यातून मागवला होता, आणि त्याच्यावरून सगळं पुस्तक लिहिलं होतं. त्यानं नकलेला मापदंड धरलं आणि त्या मापानं आम्ही सगळ्या गावाची अस्सल कार्डं खोटी ठरवली. त्यातलं एक मी स्वतःच्या तोंडानं.

मग डेलबर्ट उठला आणि त्यानं माइक घेतला.

"ज्यांच्याकडे माझं पुस्तक आहे," तो म्हणाला, "त्यांनी पान एक्केचाळीस काढा."

पानं फडफडली.

"काढलं? आता फाडा."

तो टर्रटर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि मग जो काही गलका झाला! डॉटी नावाची बाई खुर्चीवर चढून ओरडली, "माझ्या फ्रिजवर लामार चाळीस वर्षं चुंबकाखाली लटकतोय!" कुणी म्हणालं, "आमच्या पोरानं सायकलच्या आऱ्यांत लावला होता, फडफड आवाज करायला!" मागून एक म्हातारा म्हणाला, "मी वाकड्या टेबलाखाली घातलाय, आता काढला तर कॉफी सांडेल." हॉलच्या दुसऱ्या टोकाला लोक करडी कार्डं एकत्र करून टेबलावर ठोकत होते, नखं फिरवत होते आणि ओरडत होते, "आली! आली!" जणू मासा गळाला लागलाय.

डेलबर्ट अर्लिससमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"मिसेस डर्क्स, मी चुकलो."

"हो," अर्लिस म्हणाल्या. "बस. वडी खा."

मारिसोलनं तिथंच फोन काढून रंगाऱ्याला सांगितलं. "डर्क्स. डी, आय, आर, के, एस. नाही, एकच के. आणि नावाखाली लिही, मुद्रक. हो, मोठ्या अक्षरात. नाही, त्याला ठिपके नकोत, भरीव!"

लोक पांगल्यावर मी पत्रकं परत सुतळीनं बांधत होते. बोलायचं होतं ते अजून बोलले नव्हते.

"मिसेस डर्क्स, तीन वर्षांपूर्वी एनो माझ्या टेबलाशी..."

"माहीत आहे." त्यांनी पर्स उघडली आणि एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. कोपरे मऊ झालेले, खिशात राहून राहून मध्ये घडी पडलेली. कान बाहेर आलेला लामार. "कोटाच्या खिशातच होतं. त्या दिवशी घरी येऊन मला सांगितलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ग्वेनची नजर चांगली आहे. पुस्तक बदललं की बघ ती कशी बरोबर ओळखते."

मी ते कार्ड पिशवीत घातलं नाही, डबीत तर नाहीच. शर्टच्या खिशात ठेवलं.

*

हंगामाच्या पहिल्या सामन्याला लामार टीग आला. साठीला टेकलेला, एका गुडघ्यानं जपून चालणारा, कान अजून तसेच. मारिसोलनं त्याला मैदानात आणायचं ठरवलं होतं, वाजंत्री लावून, पण तो आधी सरळ उजव्या भिंतीकडे गेला. आम्ही तिथंच होतो. भिंतीवर निळ्या रंगात, भरीव अक्षरांत: एनो डर्क्स, मुद्रक.

त्यानं टोपी काढली. वाचलं. मग अर्लिसकडे वळला आणि चार हजार माणसांसमोर एकोणीस वर्षांचा झाला.

"मॉम, त्या पात्याचं... मी कधी सॉरी म्हणालो का गं तुला?"

"नाही."

"सॉरी."

"असू दे," अर्लिस म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिव्या दिल्या त्यावरून. आज परत घेते."

"सगळ्या?"



"पात्याच्या सगळ्या," त्या म्हणाल्या. "खिळ्यांचे बूट घालून माझ्या स्वयंपाकघरातून चालत गेला होतास, त्याच्या राहू देत."